पल्सर कॉइल काय बोलते, चिप काय ऐकते

मंडळी, आपल्या शहरात "पल्सर" म्हटलं की डोळ्यांसमोर गाडीच येते. साहजिकच आहे. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, पल्सर २००१ साली रस्त्यावर आली, आणि होस्टेलच्या पार्किंगमध्ये आजही चारातली एक गाडी तीच असते. पण कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन "पल्सर कॉइल" मागा, मेकॅनिक काका विचारतील, "कोणत्या गाडीचं?" कारण पल्सर कॉइल स्प्लेंडरलाही असते आणि स्कूटरलाही असते. मॅग्नेटोच्या बाजूला बोल्ट केलेलं, अंगठ्याएवढं, दोन वायर निघालेलं काळं डबडं. पुस्तकात यालाच क्रँक पोझिशन सेन्सर म्हणतात. हा लेख त्या डबड्याबद्दल, आणि त्याच्या दोन वायर ज्या चिपला जोडायच्या त्या चिपबद्दल आहे. ती चिप निवडता निवडता आमच्या मिनी प्रोजेक्टचे दोन महिने गेले!

(आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. "श" आणि "ष"ची जबाबदारी संपादक मंडळाची. टेक्निकल शब्द मात्र मी वर्कशॉपमध्ये बोलतो तसेच ठेवलेत. "संकेत संस्करण" लिहिलं असतं तर मलाच कळलं नसतं.)

प्रोजेक्ट असा. भंगारात घेतलेलं १५० सीसीचं एक सिलिंडरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, त्याला फ्युएल इंजेक्शन बसवायचं. ईसीयू म्हणून स्पीडुइनो, म्हणजे आर्डुइनो मेगावर चालणारा ओपन सोर्स ईसीयू. आता कुणी विचारेल, याची गरज काय? गरज अशी की आपल्या आजूबाजूची सगळी इंडस्ट्री याच रस्त्याने गेली आहे. २००७ मध्ये बजाजने पल्सर २२० डीटीएस-एफआय ही इंजेक्शनवाली गाडी आणली होती. लोकांना ती फारशी झेपली नाही, आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटर लावून स्वस्तात आली. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि कार्ब्युरेटर जवळजवळ संपलाच. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला ज्या कंपन्यांमध्ये आपण इंटर्नशिपसाठी रांगा लावतो, तिथे हे यायलाच पाहिजे.

जुन्या सीडीआयचं काम सोपं होतं. मॅग्नेटोवर एकच उंचवटा. तो कॉइलसमोरून गेला की एक पल्स, त्या पल्सवर स्पार्क. झालं! इंजेक्शनला एवढ्यावर भागत नाही. पेट्रोल कधी आणि किती सोडायचं, स्पार्क नेमका कितव्या अंशाला द्यायचा, हे ठरवायला ईसीयूला क्रँक या क्षणी कुठे आहे ते हवं असतं. म्हणून चाकावर बरेच दात ठेवतात आणि एखाददुसरा मुद्दाम गाळतात. कारमध्ये बऱ्याचदा ६० पैकी २ दात गाळलेलं चाक असतं. आम्ही लेझर कटिंगने १२ पैकी १ गाळलेलं बनवून घेतलं. दोन दातांमध्ये ३० अंश. गाळलेल्या दाताची मोकळी जागा दिसली की ईसीयू म्हणतो, "हां, नवीन फेरा सुरू," आणि तिथून दात मोजायला लागतो.

सगळा खेळ या मोजण्यावर आहे. समजा स्पार्कच्या आवाजाने, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइजने, एक खोटा दात मोजला गेला. ईसीयूला वाटतं क्रँक एक दात पुढे आहे. मग १० अंश आधी द्यायचा स्पार्क तो ४० अंश आधी देतो. पिस्टन वर येत असतानाच स्फोट! किक मारत असाल तर किक उलटी येते. आमच्या वर्कशॉपचे मामा याबद्दल एकच वाक्य बोलतात, "टायमिंग चुकलं की गाडी पाय मागते." ते हसून बोलतात, पण आमच्यापैकी कुणीही त्यांच्यासमोर शूज न घालता किकवर पाय ठेवायची हिंमत केलेली नाही. चांगला ईसीयू प्रत्येक फेऱ्याला दात मोजून पाहतो आणि हिशोब जुळला नाही तर स्पार्क बंद करतो. तेव्हा पाय वाचतो, पण गाडी सुरू होत नाही. दोन्ही बाजूंनी आपलंच नुकसान.

आता सेन्सरकडे वळू. दोन जाती आहेत. एक हॉल सेन्सर: त्याला सप्लाय लागतो, आत स्वतःचं सर्किट असतं, आणि बाहेर सरळ चौकोनी डिजिटल पल्स मिळते. त्याला पुढे एक पुल-अप रेझिस्टर आणि थोडं प्रोटेक्शन दिलं की काम झालं. दुसरी जात व्हीआर, म्हणजे व्हेरिएबल रिलक्टन्स. आपली पल्सर कॉइल ही. आत एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेढे, बस्स. सप्लाय नको, आत सिलिकॉन नाही, उष्णतेची आणि तेलाची भीती नाही, किंमत कमी. म्हणून दुचाकीत हिचाच संसार जास्त दिसतो.

पण व्हीआरचा स्वभाव विचित्र आहे. लोखंडी दात जवळ येतो तसा चुंबकीय फ्लक्स वाढतो, दूर जातो तसा कमी होतो. फ्लक्स ज्या वेगाने बदलतो तेवढा व्होल्टेज. फॅरेडेचा नियम, बारावीत पाठ केलेला, इथे प्रत्यक्ष भेटतो. म्हणजे इंजिन हळू फिरत असेल तर व्होल्टेज जेमतेम काहीशे मिलिव्होल्ट, आणि जोरात फिरलं तर तोच सेन्सर शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. एअर गॅप अर्धा मिलिमीटर आहे की दीड, यावरही फरक पडतो. याच्या वायर थेट आर्डुइनोच्या पिनला लावल्या तर किक मारताना काही दिसणार नाही आणि रेस दिल्यावर पिन जळेल.

या लहरीचा एक गुण मात्र फार चांगला आहे. वायर बरोबर जोडल्या असतील तर दात जवळ येताना व्होल्टेज वर चढतो, दाताचा मध्य सेन्सरसमोर आला की एकदम शून्यातून खाली जातो, आणि दात दूर जाताना उणे होतो. उंची वेगाप्रमाणे बदलते, पण शून्य ओलांडण्याची जागा बदलत नाही. ती जागा म्हणजे दाताचा मध्य, हळू फिरा नाहीतर जोरात. याला झिरो क्रॉसिंग म्हणतात, आणि चांगल्या चिपची पहिली ओळख हीच की ती झिरो क्रॉसिंगवर पल्स देते.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं होतं, एवढं कशाला, एलएम३९३ कंपॅरेटर लावू, दहा-वीस रुपयांत मिळतो, अर्ध्या व्होल्टवर थ्रेशोल्ड ठेवू. मी त्याला कागदावर हिशोब करून दाखवला, तो इथेही देते, कारण ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. लहर साईन वेव्हसारखी आहे असं धरा. किक मारताना तिची उंची ०.६ व्होल्ट आहे. मग ०.५ व्होल्टचा थ्रेशोल्ड जवळपास शिखरापाशी ओलांडला जातो. जोरात फिरताना उंची २० व्होल्ट. आता तोच थ्रेशोल्ड लहर उठता उठताच ओलांडला जातो. ३० अंशाला एक दात या चाकावर या दोन क्षणांत फरक पडतो सुमारे साडेचार अंशांचा. म्हणजे आपण ईसीयूमध्ये टायमिंग कितीही प्रेमाने सेट केलं तरी कंपॅरेटर ते परस्पर बदलणार. ६० दातांच्या चाकावर हाच फरक एक अंशाच्या आत राहतो, तेव्हा तिथे कदाचित चालून जाईल. आपल्याकडे नाही.

दुसरी भानगड नॉइजची. इग्निशन कॉइल फायर झाली की वायरवर व्होल्टभराचा काटा येऊ शकतो. अर्ध्या व्होल्टचा थ्रेशोल्ड त्यालाही दात समजणार. मग थ्रेशोल्ड वाढवा? वाढवला तर किकला सिग्नलच मिळणार नाही. यावर उपाय म्हणजे थ्रेशोल्ड स्वतःच लहान-मोठा होणं. लायब्ररीत कुजबूज केली तरी ऐकू येते, आणि मेसमध्ये रविवारी फीस्टच्या वेळी ओरडावं लागतं. कान आपोआप ठरवतात की कशाला हाक म्हणायचं आणि कशाला गोंगाट. चिपनेही मागच्या दाताची उंची लक्षात ठेवून पुढच्यासाठी थ्रेशोल्ड ठरवायचा. यालाच अ‍ॅडाप्टिव्ह थ्रेशोल्ड म्हणतात. लहर थ्रेशोल्डच्या वर गेली की चिप फक्त तयार होऊन बसते, आणि शून्य ओलांडल्यावरच पल्स देते. दोन्ही गुण एकत्र.

बाजारात यासाठी खास चिप आहेत. आमच्या यादीत शेवटी तीन उरल्या.

पहिली एलएम१८१५. मूळची नॅशनल सेमीकंडक्टरची. ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. जुनी, नावाजलेली चिप. २ ते १२ व्होल्ट सप्लायवर चालते आणि पुढे योग्य रेझिस्टर लावला तर १०० मिलिव्होल्टपासून १२० व्होल्टच्या वरपर्यंतचा सिग्नल घेते (हे आकडे पीक टू पीक). थ्रेशोल्ड मागच्या शिखराच्या ८० टक्के. शिखर लक्षात ठेवायला बाहेरून एक कपॅसिटर लावायचा.

दुसरी मॅक्स९९२४, आणि तिची दोन चॅनेलवाली बहीण मॅक्स९९२६. मॅक्सिमच्या, २०२१ पासून अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या. इनपुट डिफरन्शियल, म्हणजे सेन्सरच्या दोन्ही वायर चिपमध्ये जातात आणि दोघींवर सारखा आलेला नॉइज वजा होतो. थ्रेशोल्ड मागच्या शिखराच्या एक-तृतीयांश. ८५ मिलिसेकंद काहीच आलं नाही तर आतला वॉचडॉग थ्रेशोल्ड पुन्हा अगदी खाली आणतो.

तिसरी ऑन सेमीची एनसीव्ही११२४. आठ पायांत दोन चॅनेल, आणि सेन्सरची वायर तुटली का ते तपासायचीही सोय. पण तिचा थ्रेशोल्ड बांधलेला असतो, साधारण १६० मिलिव्होल्ट, फार तर रेझिस्टरने बदलता येतो. वर सांगितलेला साडेचार अंशांचा प्रश्न हिच्यात कमी होतो, पण जात नाही. चाकांचा वेग मोजायला ठीक, दातांची संख्या जास्त असेल तर इंजिनलाही ठीक. आमच्या यादीतून ती पहिल्यांदा गेली.

उरल्या दोन. मुख्य मुद्दा ८० टक्के की ३३ टक्के हा होता, आणि डेटाशीट नुसती चाळली तर तो दिसतसुद्धा नाही. ८० टक्के ऐकायला जास्त सुरक्षित वाटतं, नॉइज जवळ फिरकणार नाही! चार सिलिंडरच्या कारमध्ये ते बरोबरही आहे, कारण तिथे क्रँक बऱ्यापैकी एकसारखा फिरतो. एक सिलिंडरचं इंजिन किक मारताना कसं फिरतं ते आठवा. सुरुवातीला भुर्रकन, आणि कॉम्प्रेशन आलं की अडखळत. लॅबमधल्या सीआरओवर आम्ही पाहिलं, स्पार्क प्लग लावून किक मारली तर एकाच फेऱ्यात दातांची उंची १.२ व्होल्टवरून ०.५ व्होल्टवर येत होती. म्हणजे चाळीस टक्क्यांवर. एलएम१८१५ च्या कपॅसिटरमध्ये १.२ साठवलेलं असेल तर तिला पुढचा दात जवळजवळ ०.९६ व्होल्टचा हवा. ०.५ चा दात तिच्या दृष्टीने नाहीच. आणि तो दात सुटतो कुठे? बरोबर कॉम्प्रेशनच्या टोकाला, जिथे स्पार्क द्यायचाय तिथे! मॅक्स९९२४ ला मात्र ०.४ पुरतं, तिला तो दात दिसतो.

यावर एलएम१८१५ चे चाहते म्हणतील की कपॅसिटर लहान घ्या, म्हणजे साठवलेलं शिखर लवकर गळेल. खरं आहे. पण मग आयडलला दोन दातांमधल्या वेळातच थ्रेशोल्ड खाली उतरतो आणि नॉइजला दार उघडं. एक ओढावं तर दुसरं उघडं पडतं, अशी ती चादर आहे. शिवाय गाळलेल्या दाताच्या शेजारचा दात नेहमी जरा जास्त उंच येतो, कारण त्याच्या बाजूला मोकळी जागा मोठी. त्या उंच दातानंतरचा साधा दात ८० टक्क्यांच्या परीक्षेत नापास होण्याची शक्यता तिथेही असते.

तरी मॅक्स९९२४ ला सरसकट चांगली म्हणणार नाही. कुणी एकाच उंचवट्याच्या जुन्या मॅग्नेटोवर ती लावणार असेल तर थांबा. ८५ मिलिसेकंदांत एक फेरा म्हणजे सुमारे ७०० आरपीएम. त्याहून हळू फिरताना प्रत्येक फेऱ्याला वॉचडॉग थ्रेशोल्ड खाली आणणार, आणि अ‍ॅडाप्टिव्हचा फायदा नेमका किकच्या वेळी जाणार. आमच्या बारा दातांवर ३०० आरपीएमला दोन दातांमध्ये जेमतेम १७ मिलिसेकंद जातात, गाळलेल्या जागी ३३. तिथे वॉचडॉग झोपलेलाच राहतो.

पॅकेजचाही त्रास आहे. मॅक्स९९२४ चे दहा पाय अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर आहेत. होस्टेलच्या २५ वॉटच्या सोल्डरिंग गनने ती बसवायची म्हणजे तांदळावर नाव कोरणं. फ्लक्स भरपूर लावून, भिंग घेऊन, लाईट जायच्या आत. स्पीडुइनोच्या बोर्डवर व्हीआर कंडिशनरसाठी आठ पायांची वेगळी जागा असते, तिथे बसणारे मॅक्स९९२६ चे तयार छोटे बोर्ड मिळतात. ज्यांना सोल्डरिंगचा छंद नाही त्यांनी सरळ ते घ्यावेत, असं माझं मत. एक सावधगिरी: लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, किंमत फारच कमी दिसली की चिपवरचा छापा थिनरने पुसून बघा. नवीन छापलेलं नाव पटकन निघतं.

चिप ठरली तरी काम संपत नाही. वायरिंगच्या तीन गोष्टी आहेत. पहिली पोलॅरिटी. सेन्सरच्या दोन वायर उलट्या लागल्या तर गाडी कधीकधी सुरू होते, म्हणूनच हा प्रकार धोक्याचा. उलट्या लहरीत चिपला हवी ती शून्य ओलांडण्याची जागा दाताच्या मध्याऐवजी दोन दातांमधल्या सपाट भागात येते, आणि गाळलेल्या जागी तर ती कुठेही भटकते. वरच्या आरपीएमला सिंक जातो आणि पोरं फ्युएल पंपाला शिव्या देत बसतात. सीआरओवर बघा: दोन उतारांपैकी एक कडा तीव्र असते, एक सुस्त. चिपने तीव्र कडा वापरली पाहिजे. ती कोणती कडा वापरते ते डेटाशीटच्या वेव्हफॉर्ममध्ये असतंच. (प्रोब १०एक्सवर ठेवा. शंभर व्होल्ट लक्षात आहेत ना?)

दुसरी फिल्टर. नॉइज दिसला की आपला हात कपॅसिटरकडे जातो. १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, काय बिघडतं? ६००० आरपीएमला एक अंश म्हणजे फक्त २८ मायक्रोसेकंद. हा फिल्टर आमच्या चाकावर १२०० आरपीएमला पाऊण अंश उशीर करतो आणि ६००० ला तीन अंश. कपॅसिटर दहापट लहान घेतला की हा उशीर एक अंशाच्या खूप खाली येतो.

तिसरी केबल. दोन्ही वायर एकमेकींना पीळ देऊन, वर शील्ड, आणि शील्डचं ग्राउंड फक्त ईसीयूच्या बाजूला. इंजिनच्या बाजूलाही जोडलं तर स्टार्टर आणि इग्निशनचे करंट त्याच शील्डमधून फिरायला लागतात. ही केबल इग्निशन कॉइलच्या वायरसोबत एकाच झिप टायमध्ये बांधू नये. दिसायला छान दिसतं, पण नको.

इंजिनवर लावायच्या आधी आम्ही चाक ड्रिल मशीनमध्ये पकडून, सेन्सर वाइसमध्ये धरून, गॅप ०.७ मिलिमीटर ठेवून तासभर फिरवलं. ड्रिल हळू-जोरात करत एका चॅनेलवर कच्ची लहर आणि दुसऱ्यावर चिपची पल्स. दर फेऱ्याला अकरा पल्स यायला हव्यात, दहाही नाही आणि बाराही नाही. मग एकाने ड्रिल बंद केलं आणि चाक हाताने दाबून अडवलं, कॉम्प्रेशनची नक्कल म्हणून. (हातमोजा घालून, आणि चक थांबत आल्यावरच.) अकराच आल्या. शेवटी शेजारी एक जुनी इग्निशन कॉइल आणि प्लग ठेवून ठिणग्या पाडल्या. पहिल्यांदा बारा आल्या. केबल बघितली तर शील्ड दोन्ही टोकांना जोडलेलं होतं. सेन्सरकडचं टोक कापलं, आणि पुन्हा अकरा. मॅडमनी रीडिंगच्या वहीत सही केली, मामांनी ड्रिलचा चक परत जागेवर आहे ना ते तपासलं, आणि आता पुढच्या सोमवारी इंजिनवर किक मारायची आहे. किक कोण मारणार यावर अजून चिठ्ठ्या टाकायच्या आहेत.